सासू, सून आणि निकेलचे मणी

१

मी खुर्चीत नीट टेकलेही नव्हते, तोच अध्यक्षांनी माझ्यापुढे टाइप केलेला अहवाल सरकवला आणि पेनाचं टोपणही काढून दिलं. चौकशी अजून सुरू व्हायची होती, निकाल मात्र छापून तयार होता. या संस्थेतल्या एका संशोधक मुलीने खोटा निष्कर्ष रचला, सबब तिची नोंदणी रद्द करावी आणि तिला पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत उभं करू नये, असं त्यात लिहिलं होतं. खाली तीन सह्यांच्या जागा होत्या. दोन भरलेल्या, तिसरी माझी.

"चहा घ्या, सही करा. चार वाजता बैठकीत वाचून टाकू," अध्यक्ष म्हणाले.

"वाचल्याशिवाय मी दूधवाल्याच्या पावतीवरही सही करत नाही," मी म्हटलं आणि टोपण पुन्हा लावलं.

माझा सगळा जन्म प्रथिनं एकमेकांना चिकटतात की नाही, हे बघण्यात गेला. नोकरी संपली, पण स्वभाव काही निवृत्त झाला नाही. माझ्यामागे मला तोफ म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि आवडतंही. मला बाहेरची तज्ज्ञ म्हणून बोलावणाऱ्यांना वाटलं असणार, म्हातारी झाली, आता दारू ओली झाली असेल.

समोर सर बसले होते, त्या मुलीचे मार्गदर्शक. ऐन उमेदीत त्यांनी दोन प्रथिनांवर काम केलं होतं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना सासू आणि सून म्हणतात. खरी नावं घेताना जीभ अडखळते. सरांनी सिद्ध केलं होतं, की सासू आणि सून एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. एवढ्यासाठी प्रयोगशाळा कशाला, कुठल्याही घरात डोकावायचं, असं मी तेव्हा भर सभेत म्हटलं होतं. सगळे हसले, सर हसले नाहीत. त्याच निष्कर्षावर त्यांचं नाव झालं, ही इमारत उभी राहिली, आणि आता एक मोठं औषध त्याच पायावर तयार होत होतं. आणि त्यांच्याच हाताखालच्या मुलीने दाखवलं, की सासू-सून चिकटतात, चांगल्या घट्ट चिकटतात.

मग समितीने प्रयोग पुन्हा करायला लावला. तिच्या हातून जमला नाही. दुसऱ्याने केला, त्यालाही जमला नाही. संपला विषय.

"मी मुद्दाम लांब राहिलो, मॅडम," सर म्हणाले. "माझं वजन पडायला नको म्हणून प्रयोगशाळेत पाऊलही टाकलं नाही. आला तो फोटो तेवढा पाहिला. अहो, त्या पांढऱ्या मण्यांवर काय कपाळ चिकटणार होतं? पोरीने स्वप्नं पाहिली आणि आम्हाला विकली. मला मुलीसारखी होती ती." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. अध्यक्षांनी सहानुभूतीने मान हलवली. माझं डोकं तिथेच तडकलं, पण का ते मला तेव्हा कळलं नाही.

मी अहवाल पिशवीत घातला आणि बाहेर पडले. व्हरांड्यातल्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, मांडीवर खाकी टोपी आणि पायाशी दोन रिकामे खोके.

"मी बस चालवतो, बाई," ते उठून म्हणाले. "पोरीचं सामान न्यायला आलोय. निकाल चारनंतर आहे ना? मला दुपारीच बोलावलं. म्हणाले, जागा लगेच रिकामी हवी."

२

मुलीला सगळे मुंगी म्हणत. बारीक अंगाची आणि सतत कामाला जुंपलेली. जिन्याच्या पायरीवर बसली होती, डोळे कोरडे. रडून झालं होतं बहुतेक.

"मला आत जायला बंदी आहे, मॅडम. त्या दुसऱ्यांदा केलेल्या प्रयोगापासून कुलूप बदललंय."

"मी काय तुला गोळी घालायला आले नाही. प्रयोग कसा केलास ते सांग. मी काहीच शिकलेली नाही असं समज."

तिने छान सांगितलं. सासूला एक छोटी शेपटी जोडलेली असते. त्या शेपटीला निकेल आवडतं. म्हणून निकेल लावलेल्या बारीक मण्यांवर सासूला बसवायचं. मग पेशी फोडून त्यांचा रस त्यावर ओतायचा. त्या रसात सून असते आणि तिच्यासारखी हजारो इतर प्रथिनं. मग मणी धुवायचे, पुन्हा धुवायचे. ज्यांचा सासूशी संबंध नाही, ती सगळी वाहून जातात. जी धुवूनही हटत नाही, ते सासूचं खरं माणूस. शेवटी मणी निळ्या रंगाच्या द्रावणात उकळायचे, म्हणजे चिकटलेलं सगळं सुटतं, आणि ते जेलवर, म्हणजे खरवसासारख्या लिबलिबीत पातळ थरावर, पसरून फोटो काढायचा. प्रत्येक प्रथिनाचा आपापल्या जागी पट्टा दिसतो.

"आणि पेशी फोडल्यावर रसातली पाचक द्रव्यं प्रथिनं खात सुटतात, त्याचं काय करतेस?"

"त्यांना रोखणारी गोळी टाकते. माझ्या फळीवर बरणी आहे. बरणीवर नीट लिहूनसुद्धा ठेवलंय."

"फोटोत सासूचा पट्टा होता?"

"फोटो मला दाखवलाच नाही. दुसरा प्रयोग करणाऱ्या दादाने दोन्ही प्रयोगांचा एकच फोटो काढला आणि सरांकडे दिला. मला फक्त सांगितलं, की सून आली नाही."

पोरीचं आयुष्य मोडायला निघाले होते आणि ज्या फोटोवर मोडणार, तो तिला दाखवायचीही यांना गरज वाटली नव्हती. मी उठले. माझे गुडघे दुखतात, पण रागात दुखत नाहीत.

"थांबा मॅडम," ती म्हणाली. "मी सगळे मणी उकळले नव्हते. अर्धे राखून ठेवलेत, थंड खोलीत. मी नेहमीच ठेवते. आई म्हणायची, सगळं एकदम चुलीवर चढवू नये."

३

दादा म्हणजे प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना विद्यार्थी. त्याचं संशोधन संपतच नव्हतं आणि सरांच्या मर्जीवर तो अडकून पडला होता. मुंगी गेली, तर तिची जागा त्यालाच मिळणार, हे त्याच्या टेबलावरच्या नव्या पंख्यावरूनही कळत होतं. मुंगीचाच पंखा होता तो.

"दुसरा प्रयोग तू केलास?"

"हो मॅडम. अगदी प्रामाणिकपणे. तिच्याच फळीवरच्या वस्तू वापरल्या, समितीने तसंच सांगितलं होतं."

"फोटो दाखव."

त्याने दाखवला. काळापांढरा, आडवा, चिंचोळा तुकडा. सुनेच्या जागी काहीच नाही.

"हा तुकडा आहे. मला अख्खा हवा."

"हाच आहे, मॅडम."

"बाळ," मी म्हटलं, "मी जेल चालवायला लागले, तेव्हा तू पाळण्यातही नव्हतास. जेल एवढं चिंचोळं नसतं. वरचा भाग कुठे आहे?"

त्याचा चेहरा उतरला. त्याने संगणकावर एक जुना फोल्डर उघडला. अख्खा फोटो आला. मी चष्मा चढवला.

सुनेची जागा रिकामी होती, कबूल. पण वर, जिथे सासू ठळक दिसायला हवी, तिथेही काही नव्हतं. सासू मण्यांवर नव्हतीच. गळाला आमिषच लावलं नाही आणि म्हणायचं, तळ्यात मासा नाही.

"हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"सरांना सांगितलं. ते म्हणाले, वरचा भाग काढून टाक, समितीचा उगाच गोंधळ होईल. प्रश्न सुनेचा आहे, तेवढंच दाखव." त्याने मान खाली घातली. "माझ्या प्रबंधावरची सही त्यांच्याच हातात आहे, मॅडम."

"तुझे मणी कुठल्या रंगाचे होते?"

"बघितलं नाही. थंड खोलीत काम केलं आणि तसेच सगळे उकळले. उकळताना ते द्रावण निळंच असतं ना."

त्याला काय बोलायचं ते मी बोलले. इथे लिहीत नाही.

४

थंड खोलीत एकच दिवा होता, पिवळा. तिथे काही रसायनं उजेडाने बिघडतात, म्हणून तिथे पांढरा दिवा लावत नाहीत. त्या उजेडात माझे हात, भिंती, बाटल्या, सगळ्याला कावीळ झाल्यासारखं दिसत होतं. मुंगीने सांगितलेल्या खणात छोटी नळी सापडली. तळाशी मण्यांचा गाळ. पिवळट, जसं बाकी सगळं पिवळट.

मी नळी मुठीत धरून बाहेर आले, व्हरांड्याच्या खिडकीपाशी गेले आणि उन्हात धरली.

निकेलचे मणी निळसर हिरवे असतात. ते हिरवेपण निकेलचंच असतं. ज्याने एकदा पाहिलंय, तो विसरत नाही. माझ्या हातातल्या नळीतले मणी खडूसारखे पांढरे होते.

बस चालवणारे गृहस्थ बाकावरून बघत होते. "काय झालं, बाई?"

"यातलं निकेल कुणीतरी उपटून नेलंय. निकेल गेलं की सासूची शेपटी कशाला धरून बसणार? ती गेली वाहून, आणि तिच्यामागे सूनही गेली."

"म्हणजे पोरगी खोटं बोलली नाही?"

"तुमची पोरगी सोडून इथे सगळे खोटं बोलतायत," मी म्हटलं. आणि त्याच क्षणी सकाळपासून डोक्यात सलत होतं ते वर आलं. कोणीतरी 'पांढरे मणी' म्हणालं होतं. मी खिडकीला धरूनच उभी राहिले.

५

धातू ओढून नेणारं एकच द्रव्य प्रयोगशाळेत सगळीकडे असतं, ईडीटीए. मुंगीने ते स्वतःहून टाकलं असतं, तर तिला वेडंच म्हणावं लागलं असतं. मग ते आलं कुठून? मी तिच्या फळीवरची गोळ्यांची बरणी उचलली. वर तिच्याच अक्षरात 'ईडीटीएविना'. या गोळ्या दोन जातींच्या येतात. साध्या गोळीत ईडीटीए असतं, दुसरीत नसतं. दिसायला दोन्ही सारख्याच. निकेलवर काम करणाऱ्याने साधी गोळी वापरली, तर सगळं काम बुडतं.

स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंना मी विचारलं, "साध्या गोळ्या तुमच्याकडे असतात?"

"नाही, बाई. इथे सगळे निकेलवर काम करतात. मी ईडीटीएविनाच्याच मागवते." त्यांनी कपाटातून सीलबंद खोका काढून दाखवला.

"मग मुंगीच्या बरणीत कुणी काय भरलं?"

ताई टेबल पुसू लागल्या. टेबल स्वच्छच होतं.

"तुमचं आणि मुंगीचं भांडण झालं होतं म्हणे."

"झालं होतं. हातमोज्यांवरून. फार संपवते ती. पण म्हणून मी कुणाच्या ताटात माती कालवत नाही." त्यांनी फडकं घट्ट पिळलं. "माझी दोन मुलं शिकतायत, बाई. मला काही विचारू नका."

म्हणजे विचारण्यासारखं काहीतरी होतं. मी तेवढ्यावर सोडलं, कारण भीतीने बोलणाऱ्याची साक्ष मला नको होती. मी अध्यक्षांकडे गेले.

"उठा," मी म्हटलं. "प्रयोग बघायला चला."

"मी? आत्ता? माझं जेवण..."

"तुम्ही न बघता सही केलीत. आता बघा आणि मग जेवा."

त्यांना स्टुलावर बसवलं आणि मुंगीला आत आणलं. दारावरच्या पहारेकऱ्याकडे मी नुसतं बघितलं, त्याने नवं कुलूप उघडलं. पोरगी थेट कामाला लागली. तीन नळ्या केल्या. पहिलीत बरणीतली गोळी, दुसरीत ताईंच्या सीलबंद खोक्यातली. तिसरीत दुसरीसारखंच सगळं, पण सासूच नाही, कारण सून नुसत्या मण्यांनाच चिकटत नाही ना, तेही कळायला हवं. अध्यक्षांना वाटलं, तिसरी नळी वाया गेली. खुर्ची उबवता उबवता माणूस काय काय विसरतो.

या वेळी सगळं खिडकीशी केलं, उन्हात. पहिल्या नळीतला हिरवा गाळ बघता बघता फिका पडला आणि मग पांढरा झाला. दुसरी हिरवीच राहिली. अध्यक्ष स्टुलावरून उठले.

"अहो, हे तर..."

"गप्प बसा," मी म्हटलं. "चार वाजेपर्यंत कुणाला एक शब्द बोलायचा नाही."

६

चार वाजता बैठकीच्या खोलीत सर, अध्यक्ष, समितीतले दुसरे एक सभ्य गृहस्थ, दादा, ताई आणि मुंगी होते. वडील दाराशी उभे होते, खोके हातात धरून. मेजावर मी एक ट्रे ठेवला. ट्रेमध्ये जेल होतं आणि त्यावरचा निळा रंग हळूहळू धुवून निघत होता. शेजारी नळ्या.

"सही झाली का?" सरांनी विचारलं.

"होईल. आधी जेल बघा."

रंग उतरला; तो प्रथिनावरच तेवढा टिकतो. पहिल्या रांगेत काहीच नव्हतं, सासू नाही की सून नाही. तिसरी रांग रिकामी. मधल्या रांगेत वर ठळक पट्टा होता, सासू. आणि खाली, तेवढाच ठळक, दुसरा.

मुंगीने तोंडावर हात ठेवला.

"पहिल्या रांगेत मुंगीच्या बरणीतली गोळी आहे," मी म्हटलं. "त्या बरणीत कुणीतरी साध्या गोळ्या भरल्या. समितीसमोर सून आली नाही, कारण सासूलाच हाकलून दिलं होतं. आणि ते फोटोत दिसेल म्हणून वरचा भाग कापायला लावला. दादा, कुणी सांगितलं कापायला?"

दादाने वर बघितलं नाही, पण बोलला. "सरांनी."

"मी सोपं करून दाखवायला सांगितलं, त्यात काय बिघडलं?" सर शांतपणे म्हणाले. "गोळ्यांचा घोळ झाला असेल, तर ती स्टोअरची चूक. चुकून झालं असेल. वाईट वाटतं मला."

"मलाही वाटलं असतं," मी म्हटलं. "पण सर, सकाळी तुम्ही माझ्यासमोर आणि अध्यक्षांसमोर म्हणालात, मी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नाही, फक्त फोटो पाहिला. आणि पुढच्याच वाक्यात म्हणालात, पांढऱ्या मण्यांवर काय कपाळ चिकटणार. फोटो काळापांढरा आहे. त्यात मणी नाहीतच, त्यांच्यावरून सुटलेलं प्रथिन आहे. दादाने मणी बघितले नाहीत, निळ्या द्रावणात उकळून टाकले. मुंगीला पिवळ्या दिव्यात कळलं नाही, आणि मग तुम्ही कुलूप बदललंत. ती राखून ठेवलेली अर्धी नळी उजेडात नेल्याशिवाय मणी पांढरे झालेत, हे जगात कुणालाही कळणं शक्य नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

सर हसले. "बोलण्याच्या ओघात माणूस काहीही म्हणतो."

"निकेलवर आयुष्य काढलेला माणूस ओघात हिरवे मणी म्हणेल. पांढरे म्हणायला ते बघावे लागतात. नुसता बदमाश असता, तर गोळ्या बदलून घरी गेला असता. पण तुम्हाला राहवलं नाही. आपला प्रयोग जमला की नाही, हे बघितल्याशिवाय आपल्या जातीच्या माणसाला झोप येत नाही. मलाही येत नाही. तुम्ही थंड खोलीतून नळी काढलीत, उन्हात धरलीत, खात्री केलीत आणि पुन्हा जागेवर ठेवलीत. चांगली सवय आहे, सर. तिनेच तुम्हाला बुडवलं."

सरांनी ताईंकडे बघितलं. "स्टोअरमध्ये साध्या गोळ्या कशा आल्या, याचं उत्तर या देतील."

ताई उभ्या राहिल्या. "स्टोअरमध्ये नव्हत्याच, सर. तुम्हीच मला शेजारच्या प्रयोगशाळेतून आणायला लावल्यात. जुन्या कामासाठी हव्यात, म्हणालात. मी माझ्या मुलांकडे बघून गप्प बसले. आता माझ्यावरच ढकलताय, तर त्याच मुलांकडे बघून बोलते."

सरांच्या चेहऱ्यावरून 'मुलीसारखी होती ती' हा सगळा भाव उतरला. "तुम्हाला कळतंय का काय पणाला लागलंय?" ते म्हणाले. "एका पोरीच्या एका पट्ट्यासाठी ही इमारत पाडायची?"

"तो पट्टा नाहीच, या समजुतीवर औषध निघणार आहे," मुंगी पहिल्यांदाच बोलली. "सासू-सून चिकटत असतील, तर ते औषध माणसांना अपाय करेल. मी तुम्हाला तेच सांगायला आले होते. तीनदा आले होते. तुम्ही दार लावून घेतलंत."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे बघा, प्रकरण नाजूक आहे. आपण शांतपणे मिटवू. मुलीवरचा ठपका काढू, बाकी बाहेर काही..."

मग माझी तोफ डागली गेली. मी म्हटलं, या इमारतीत प्रत्येकाला एकेक तुकडा माहीत होता. दादाला कापलेला फोटो माहीत होता, ताईंना गोळ्या माहीत होत्या, तुम्हाला आपण न बघता सही केली हे माहीत होतं. सगळ्यांनी आपापला तुकडा पदराखाली झाकला आणि एका मुलीला एकटीला पुढे ढकललं. मिटवायचं असेल, तर तुमची बाजू मिटवा, माझी नाही. औषध थांबल्याशिवाय आणि कुणी काय केलं ते नावानिशी जाहीर झाल्याशिवाय मी या खोलीतून हलणार नाही. माझी घरी कुणी वाट बघत नाही आणि मी उपाशी चांगली भांडते.

पिशवीतून तो टाइप केलेला अहवाल काढून मी ट्रेमधल्या रंगाच्या पाण्यात बुडवला. दोन सह्या निळ्या होऊन विरघळल्या. अध्यक्षांनी फोन उचलला आणि औषधाच्या लोकांचा नंबर फिरवला.

सर उठले. दारातून जायचं, तर वडिलांच्या बाजूने जावं लागणार होतं. वडील हलले नाहीत. त्यांनी बाहीने दोन्ही खोके पुसले आणि सरांच्या हातात दिले.

"हे घ्या, साहेब," ते म्हणाले. "माझ्या पोरीला आता लागत नाहीत."